तुम्ही विचारलंत म्हणून: प्रतिष्ठेच्या उलट काय?

शाळेत मराठी शिकवत होते तोवर हा प्रश्न मुलं विचारायची. आता निवृत्त झाल्यावर त्यांच्या आया व्हॉट्सॲपवर विचारतात: "बाई, प्रतिष्ठाचा विरुद्धार्थी शब्द काय हो?" मी 'अप्रतिष्ठा' असं लिहून पाठवते. एका गुणाचं काम भागतं. पण उभ्या जन्मात "माझी अप्रतिष्ठा झाली" म्हणून कुणाला रडताना मी पाहिलेलं नाही.

माणसं रडतात ती पाणउतारा झाला म्हणून. चारचौघांत शोभा केली, अब्रू घालवली, नाचक्की झाली म्हणून. यातला पाणउतारा माझा लाडका (शब्द, अनुभव नव्हे). मोत्याला पाणी असतं, तलवारीला असतं, तसं माणसालाही असतं. ते उतरवलं की पाणउतारा. अब्रू आली फारसीतून, पण तिच्याही पोटात पाणीच. 'आब' म्हणजे पाणी, तेज. 'रू' म्हणजे चेहरा. महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन प्यायले, ते काही तहान लागली म्हणून नव्हे.

या शब्दांत एक गोम मात्र आहे. पाणी उतरायचं तर आधी ते असावं लागतं. अब्रूनुकसानीचा दावा लावतो त्याला अब्रू आहे, हे धरूनच चालतात. ज्याला ती कुणी कधी दिलीच नाही, त्याच्यासाठी काय? तिथं आपण शब्दाच्या भानगडीत पडलोच नाही. नावालाच शेपूट लावलं. रामाचा राम्या, धोंडीबाचा धोंड्या. लाडानंही असं म्हणतात, कबूल. पण भाऊ मला 'सुमे' म्हणाला तर मी त्याला 'सुऱ्या' म्हणू शकते. लाडाचं नाव उलट फेकता येतं.

आमच्या गावच्या घरी गणप्या नावाचा गडी होता. (नाव बदललंय.) मी सहा वर्षांची, तो चाळिशीचा. "ए गणप्या, कैऱ्या पाड ना!" असं मी ओरडायची आणि तो "व्हय ताईसाब" म्हणत झाडावर चढायचा. आमच्याकडे त्याला कुणी शिवी दिल्याचं आठवत नाही. आजी पोटभर जेवायला वाढायची. पडवीत, त्याच्या वेगळ्या ताटलीत. ती ताटली तोच धुऊन कोनाड्यात पालथी घालायचा.

पुढं मी शिक्षिका झाले. पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला संविधानाची उद्देशिका असते. 'व्यक्तीची प्रतिष्ठा' या शब्दांपाशी मुलं अडखळायची, म्हणून मी ते दोन शब्द मोठ्यानं म्हणवून घ्यायची. मे महिन्यात गावी गेले की एसटीतून उतरल्या उतरल्या हाक मारायची, "गणप्या, बॅग घे रे."

तो जाऊनही बरीच वर्षं झाली. मागं एकदा गावाहून लग्नाची पत्रिका आली. वराच्या नावाखाली छापलं होतं, 'कै. गणपतराव यांचे नातू'. आडनाव ओळखीचं वाटेना. मी आईला विचारलं, "हे गणपतराव कोण गं?"

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अगं, आपला गणप्या."