कॅटलिना 22: कीलच्या खडखडाटाचं मूळ सापडलं

स्विंग कीलच्या (बोटीखालचं, केबलनं वर-खाली होणारं जड पातं) खडखडाटाचं कारण अखेर हाती लागलं, म्हणून ही नोंद. विकत घ्यायच्या जुन्या शिडाच्या बोटींच्या यादीत आता दोनच उरल्या आहेत आणि दोन्ही कॅटलिना 22. एक ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची, स्विंग कीलची. दुसरी फिन कीलची, म्हणजे न हलणाऱ्या पक्क्या कीलची. जे/24 वगळली. शर्यतीला ती उत्तम आणि खूपच वेगवान, पण 4 फूट ड्राफ्ट (तरंगायला लागणारी पाण्याची खोली), बुटकी केबिन आणि पाण्यात उतरवायला क्रेन! मुलांना घेऊन चेसापीक उपसागराच्या ऱ्होड रिव्हरमध्ये नांगर टाकून रात्र काढायची तर ती सोयीची नाही.

चेसापीकची सरासरी खोली जेमतेम 21 फूट, आणि कडेच्या खाड्या त्याहून कितीतरी उथळ. स्विंग कील वर ओढली की बोटीला 2 फूट पाणी पुरतं, खाली सोडली की 5 फूट लागतं. फिन कीलला कायम साडेतीन फूट हवं, आणि साध्या रॅम्पवर उतरवायची तर ट्रेलरचा दांडा लांबवावा लागतो. म्हणून या एका कीलवर इतका खल चाललाय.

स्विंग कीलवाल्या बोटीची बाकीची तपासणी समाधानकारक. प्लास्टिकच्या हातोडीनं सगळा डेक ठोकून पाहिला. मास्टच्या (डोलकाठीच्या) बुडाशी आणि हॅचच्या कडेनं आवाज टणक. एका स्टँशनच्या (कठड्याच्या खांबाच्या) पायाशीच तळहाताएवढा भाग बद्द वाजतो, म्हणजे तिथला कोअर (डेकच्या थरांमधला गाभा) ओला. स्क्रू काढून, भोकं मोठी करून, वाळवून, इपॉक्सीनं भरून पुन्हा ड्रिल करायचं; शनिवार-रविवारचं काम. कम्प्रेशन पोस्टचा (मास्टचा भार पेलणाऱ्या केबिनमधल्या खांबाचा) तळ कोरडा निघाला, हा मोठाच दिलासा. तिथलं लाकूड कुजलं की मास्टखालचा डेक बसतो आणि साइड शराउड (मास्टला बाजूंनी धरणाऱ्या तारा) कितीही ताणले तरी सैलच राहतात.

आता कील. ओतीव लोखंडाची, 550 पौंडांची. एक इंची पिनवर फिरते आणि पिनची दोन्ही टोकं हलला (बोटीच्या बुडाला) बोल्ट केलेल्या हँगरमध्ये बसतात. मालकाच्या परवानगीनं बोट यार्डात उचलून कील सोडली आणि टोक हातानं हलवलं, तर ते दोन्ही बाजूंना जवळपास दीड-दीड इंच जात होतं. मागच्या नोंदीतला बेत सोपा होता: हँगर आणि कीलच्या मधल्या फटीत वॉशर घालायचे. त्यानं भागणार नाही.

कारण इथे दोन वेगवेगळे प्ले (ढिलेपणा) आहेत. एक सरकण्याचा: कील पिनवर डावी-उजवीकडे सरकते आणि हँगरवर आपटते. दुसरा झुकण्याचा: भोक पिनपेक्षा मोठं झाल्यामुळे अख्खी कील कलते. वेगळे करायची युक्ती साधी आहे. दोन्ही फटींत पातळ लाकडी पाचरी हलक्या हातानं बसवायच्या आणि टोक पुन्हा हलवायचं. ठक-ठक थांबली, पण टोक तरीही हललं आणि पाचरींच्या कडा चेपल्या. म्हणजे दोष भोकात. नुसते वॉशर घातले असते तर एका मोसमात त्यांच्याही कडा अशाच चिरडल्या असत्या.

मग पिन काढून टेलिस्कोपिंग गेज आणि कॅलिपरनं मापं घेतली. भोक कीलच्या लांबीच्या दिशेनं 1.07 इंच, आडवं 1.03. लोखंडाची जाडी 3 इंच आणि पिन ते टोक 60 इंच धरलं, तर 0.07 इंचाच्या फटीनं टोक एका बाजूला 1.4 इंच झुकायला हवं. हातानं मोजलेल्या आकड्याशी हे जुळतं, म्हणजे आणखी कुठे लपलेला प्ले नाही. हँगरचे बोल्ट पक्के आहेत, हेही त्यातच आलं.

भोक कोणत्या दिशेनं लांबलंय, हे मोजायला विसरू नका. लांबीच्या दिशेनं झिजलं असेल तर कील खाली सोडून बोट लाटांवर बांधून ठेवलेली असणार. आडवं झिजलं असेल तर दोष ट्रेलरचा: कील आडव्या पट्टीवर न टेकवता केबलला लोंबकळत ठेवून रस्त्यावरून नेली की प्रत्येक खड्ड्याचा दणका पिनवर जातो.

दुरुस्तीचा पहिला विचार असा होता: भोक बरोबर 1¼ इंच बोअर करायचं आणि 1 इंच आतल्या व्यासाचा ब्राँझ बुश (पिनभोवतीची नळी) दाबून बसवायचा. अडचण काटकोनाची. ड्रिल जरा तिरपं गेलं की कील कायमची वाकडी बसणार, आणि मशीन शॉपमध्ये एवढं धूड न्यायचं तर भाडंच भारी पडतं.

हे लिहितानाच त्याहून चांगला मार्ग दिसतोय. भोक मुद्दाम 1⅜ इंच करायचं. बुशभोवती 1/16 इंच फट राहील, तिच्यात 406 (घट्टपणा आणणारी पूड) घालून घट्ट केलेली वेस्ट सिस्टिम इपॉक्सी भरायची. काटकोन ड्रिलनं नाही, जिगनं साधायचा. बुशमधून 2 फूट लांबीचा, मेण लावलेला सरळ एक इंची दांडा घालायचा. दांड्याच्या दोन्ही टोकांपासून कीलच्या खालच्या टोकाच्या मध्यरेषेपर्यंत मापं घ्यायची, मग पुढच्या धारेवरच्या एका बिंदूपर्यंत. प्रत्येक जोडीतली दोन्ही मापं सारखी आली की दांडा काटकोनात. कीलचं टोक पाव इंच कललं तरी मापांत इंचाच्या दहाव्या भागाएवढा फरक पडतो. साध्या टेपनंही तो कळतो. शिवाय इपॉक्सीचा थर ब्राँझला लोखंडापासून अलग ठेवतो, म्हणजे खाऱ्या पाण्यात भोकाभोवतीचं लोखंड कमी खाल्लं जाईल. मात्र कडेला पुरेसं लोखंड उरतंय का, ते गंजाचे पापुद्रे पूर्ण काढूनच मोजायचं.

वॉशर लागतीलच, पण सरकण्यापुरते. दोन्ही बाजू मिळून 1/32 इंच मोकळं सोडायचं, नाहीतर कील स्वतःच्या वजनानं खाली येणार नाही. नायलॉन नको, पाण्यात फुगतं. पिन ब्राँझचीच; हवा न पोचणाऱ्या ओल्या जागी स्टेनलेसला खड्डे पडतात. केबल, व्होल्कॅनोची (केबल केबिनमध्ये शिरते त्या तोंडाची) नळी आणि तिचे क्लॅम्प यांचं किट कॅटलिना डायरेक्टकडून घेणं उत्तम, मापं बिनचूक असतात. बुश आणि वॉशर मॅकमास्टर-कारकडून. जुन्या केबलवरून सुती फडकं फिरवा. धागा अडकला की केबल बदलायचीच. ती तुटून कील सुटली तर ट्रंक (कीलची खोबण) फुटते, आणि नळी फाटली तर पाणी थेट केबिनमध्ये.

कील खाली उतरलेलीच आहे, तर सँडब्लास्टही आताच. उघड्या लोखंडावर पहिला इपॉक्सीचा हात त्याच दिवशी, काही तासांत. रात्रभर ठेवलं की पुन्हा तांबूस गंज धरतो. फेअरिंगला (पृष्ठभाग गुळगुळीत करायला) इपॉक्सीत 410 ची पूड, ते घासायला सोपं जातं. धार पातळ करण्याआधी क्लासचे (याच प्रकारच्या बोटींच्या शर्यतींचे) नियम वाचून घ्यायचे, शर्यतीत मोजमाप होतं.

शिडांचं थोडक्यात: मेन (मुख्य शीड) ताणून पोटाळलंय, तरी पहिला खर्च 150 टक्के जेनोआवर (पुढच्या मोठ्या शिडावर). इथला उन्हाळी वारा मंद, आणि साधारण 270 च्या पीएचआरएफ रेटिंगला (शर्यतीतल्या हँडिकॅपला) न्याय द्यायचा तर पुढचं शीड चांगलंच हवं. ॲनापोलिसच्या बुधवार संध्याकाळच्या शर्यती पुढच्या वर्षी.

मालकाला मापांचा कागद दिलाय. किंमत सँडब्लास्ट आणि बुशच्या खर्चाएवढी उतरली तर हीच बोट. नाही उतरली तर फिन कीलवाली, पण तिच्या कील बोल्टांच्या नटांभोवती बिल्जमध्ये (बुडाच्या आतल्या खोलगट भागात) गंजाचे ओघळ आहेत. ते टॉर्क पान्यानं तपासल्याशिवाय तिच्याबद्दल काही ठरवता येणार नाही. 1⅜ इंचाचं भोक ओतीव लोखंडात मॅग्नेटिक ड्रिलनं कुणी पाडलं असेल तर कटर आणि वेग कळवा.