यात राज्यशास्त्र कुठे आहे?

राज्यशास्त्रात एम.ए. करताना मी ‘जेंडर (लिंगभाव) आणि विविधता’ हा विशेष विषय घेतला हे कळलं, की समोरून हमखास एक प्रश्न येतो : “पण यात राज्यशास्त्र कुठे आहे?” विचारणारे बहुतेक जण मनापासून विचारतात. राज्यशास्त्र म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर संविधान, निवडणुका, पक्ष, परराष्ट्र धोरण येतं आणि जेंडर म्हटलं की घर, लग्न, फार तर महिला दिनाचं भाषण. तुम्हालाही कदाचित तोच प्रश्न पडला असेल, म्हणून जरा सविस्तर सांगते.

राज्यशास्त्राचा अगदी गाभ्याचा प्रश्न घेऊ : एखादा देश लोकशाही झाला असं कधी म्हणायचं? लोकशाहीच्या ‘लाटा’ (थोड्या काळात अनेक देश लोकशाहीकडे वळतात असे टप्पे) मांडणारे अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ सॅम्युएल हंटिंग्टन यांनी १९व्या शतकासाठी एक निकष वापरला. निदान ५० टक्के प्रौढ पुरुषांना मताधिकार हवा आणि सरकार निवडून आलेलं किंवा निवडून आलेल्यांना जबाबदार हवं. या निकषाने अमेरिका १८२८च्या सुमारास लोकशाही ठरते. त्या वेळी तिथे एकाही राज्यात स्त्रियांना मत नव्हतं आणि लाखो माणसं गुलामगिरीत होती. स्वित्झर्लंड सहसा १८४८पासून लोकशाहीत धरला जातो. तिथे राष्ट्रीय पातळीवर स्त्रियांना मताधिकार मिळाला १९७१मध्ये. त्याआधी १९५९मध्ये यावर सार्वमत झालं होतं, मत देणारे अर्थातच सगळे पुरुष होते आणि सुमारे दोन तृतीयांश मतं विरोधात पडली. आपेन्झेल इनररोडन या छोट्या कँटनमध्ये (म्हणजे तिथल्या घटक राज्यात) तर स्थानिक मताधिकारासाठी १९९०मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला.

हे वाचलं तेव्हा मला पहिला धक्का बसला तो अन्यायाचा नव्हे, मोजमापाचा. समाजशास्त्रज्ञ पॅमेला पॅक्स्टन यांनी २०००मध्ये दाखवून दिलं की अनेक अभ्यासक व्याख्येत ‘सार्वत्रिक मताधिकार’ लिहितात आणि प्रत्यक्ष मोजताना फक्त पुरुषांचा मताधिकार मोजतात. व्याख्या एक, मोजणी दुसरीच. स्त्रियांना मोजणीत घेतलं की देशांच्या लोकशाहीकरणाच्या तारखा सरकतात. तारखा सरकल्या की लाटांचा आकार बदलतो आणि ‘लोकशाही कशामुळे येते’ याची उत्तरंही पुन्हा तपासावी लागतात. ज्या अभ्यासात मूळ आकडाच बदलतो, त्याला पुरवणी विषय कसं म्हणायचं? कित्येक अभ्यासक्रमांत हा विषय राजकीय विचारांच्या पेपरात शेवटच्या आठवड्यात उरकला जातो, ते मला म्हणूनच पटत नाही. तो पहिल्या आठवड्यात हवा, व्याख्या शिकवतानाच.

‘विविधता’ या भागाबद्दल लोकांचा समज असतो की निरनिराळ्या गटांची यादी करायची आणि प्रत्येकाबद्दल थोडं थोडं वाचायचं. तसं नाही. या भागाचा पाया समजायला एक खटला पुरेसा आहे. १९७६मध्ये अमेरिकेत पाच कृष्णवर्णीय स्त्रिया जनरल मोटर्सविरुद्ध न्यायालयात उभ्या होत्या. १९६४पूर्वी कंपनीने कृष्णवर्णीय स्त्रियांना घेतलेलंच नव्हतं. पुढे मंदीत सेवाज्येष्ठतेनुसार कपात झाली, तेव्हा उशिरा घेतलेल्या या स्त्रियांवरच कुऱ्हाड कोसळली. न्यायालयाचं म्हणणं असं, की कंपनीत स्त्रिया होत्या (त्या गोऱ्या होत्या), त्यामुळे लिंगभेदाचा दावा टिकत नाही. वंशभेदाची तक्रार असेल तर ती वेगळी मांडा, दोन्ही एकत्र करून नवा वर्ग निर्माण करता येणार नाही. कायद्याच्या अभ्यासक किम्बर्ले क्रेनशॉ यांनी १९८९च्या लेखात याच निकालावर बोट ठेवलं आणि तिथून ‘इंटरसेक्शनॅलिटी’ (वंश, लिंग असे भेदभाव एकमेकांत गुंतून वेगळाच अन्याय घडवतात, हा विचार) ही संकल्पना रूढ झाली. कायद्याने दोन दारं ठेवली होती आणि या स्त्रिया दोन्हींमधून परत पाठवल्या गेल्या. आता हाच प्रश्न पक्षांच्या उमेदवारीला लावा. स्त्रियांसाठी जागा राखल्या तर कोणत्या स्त्रिया येतील? अल्पसंख्याकांसाठी राखल्या तर त्यांच्यातलं कोण? आरक्षणाचा कुठलाही कायदा वाचताना हे विचारल्याशिवाय मला आता पुढे जाताच येत नाही.

मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवलं ते नियमांनी. फ्रान्सचं उदाहरण मी कोणालाही, कधीही सांगायला तयार असते. २०००मध्ये तिथे स्त्री-पुरुषांच्या समसमान उमेदवारीचा कायदा झाला. त्याआधी १९९७मध्ये राष्ट्रीय सभेत (संसदेच्या कनिष्ठ सभागृहात) स्त्रिया होत्या १०.९ टक्के आणि कायद्यानंतरच्या २००२च्या निवडणुकीत १२.३ टक्के! एवढा गाजावाजा होऊन जेमतेम दीड टक्क्याची वाढ. पण त्याच कायद्याखाली २००१मध्ये नगरपालिका निवडणुका झाल्या, तर ३,५०० लोकसंख्येवरच्या गावांमध्ये आणि शहरांमध्ये परिषदांतल्या स्त्रिया ४७.५ टक्क्यांवर गेल्या. देश तोच, पक्ष तेच, मतदारही तेच. फरक होता तो नियमाच्या रचनेत. नगरपालिकेला एकेका उमेदवाराऐवजी उमेदवारांच्या याद्यांवर मतदान होतं. यादीतल्या दर सहा नावांत तीन स्त्रिया नसतील तर यादीच बाद व्हायची. राष्ट्रीय सभेला एकेक जागेचे मतदारसंघ आणि नियम मोडला तर सरकारी निधीत कपात एवढीच शिक्षा. मोठ्या पक्षांनी कपात सोसली आणि बऱ्याच स्त्रियांना हरणाऱ्या जागा दिल्या. महापौरांची निवड परिषद करते, ती या कायद्याच्या कक्षेबाहेर होती, त्यामुळे महापौर बहुतेक पुरुषच राहिले. निवडणूक पद्धती, पक्षांचा निधी, उमेदवारीवरची पकड, याहून अस्सल राज्यशास्त्र कोणतं?

आकडे वाढले की काम झालं, असंही नाही. रवांडात २००८मध्ये कनिष्ठ सभागृहातल्या ८० पैकी ४५ जागांवर स्त्रिया आल्या. स्त्रियांचं बहुमत असलेली ती जगातली पहिली संसद. पण सत्ता राष्ट्राध्यक्षांच्या हाती एकवटलेली असेल, तर संसदेतली संख्या नेमकं काय सांगते? राजकीय विचारांच्या अभ्यासक हॅना पिटकिन यांनी १९६७मध्येच प्रतिनिधित्वाचे प्रकार वेगळे करून ठेवले आहेत : आपल्यासारखं दिसणारं कोणी सभागृहात असणं निराळं आणि आपल्या वतीने कोणी काम करणं निराळं. पहिल्यातून दुसरं आपोआप निघतं असं मी मानत नाही. कधीच निघत नाही, हेही खरं नाही. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानमधल्या ग्रामपंचायतींचा अभ्यास २००४मध्ये प्रसिद्ध केला. स्त्रियांसाठी सरपंचपद कुठे राखीव असेल हे तिथे जवळजवळ चिठ्ठी टाकल्यासारखं ठरत होतं, म्हणून तुलना विश्वासार्ह झाली. दोन्हीकडे राखीव पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर जास्त काम केलं आणि गावातल्या स्त्रियांच्या तक्रारींमध्येही पाणीच पुढे होतं. रस्त्यांचा निष्कर्ष तर मला फार आवडतो. बंगालमध्ये स्त्रिया रस्त्यांची मागणी करत होत्या, तिथे राखीव पंचायतींत रस्त्यांची कामं वाढली. राजस्थानात रस्ते ही स्त्रियांपेक्षा पुरुषांची मागणी होती, तिथे ही कामं कमी झाली. म्हणजे ‘स्त्रियांना अमुकच हवं असतं’ असं गृहीत धरून चालत नाही, विचारावं लागतं.

“हा मुलींचाच विषय ना?” हेही विचारलं जातं. सक्तीची लष्करभरती कोणाची होते आणि ‘कणखर नेता’ म्हणून कोणाचं चित्र उभं केलं जातं, हेसुद्धा याच विषयात येतं. पुरुषांनाही यात शिकण्यासारखं भरपूर आहे.

नोकरीचं म्हणाल तर संसदीय संशोधन, निवडणूक निरीक्षण, धोरण विश्लेषण ही क्षेत्रं आहेत. अर्थसंकल्पाचा स्त्री-पुरुषांवर वेगवेगळा परिणाम तपासण्याचं कामही आहे. ऑस्ट्रेलियाने ते १९८४मध्ये सुरू केलं, आज अनेक देश करतात.

आणि कोणी विचारतं, “मी घेऊ का हा विषय?” जरूर घ्या, पण संख्याशास्त्राचा पेपर टाळू नका. सिद्धान्त वाचून तळमळ वाढते. ती दुसऱ्याला पटवायची तर आकडे वाचता आणि तपासता आले पाहिजेत. प्रबंधासाठी विषय सुचत नसेल तर कुठल्याही देशाच्या एका निवडणुकीच्या उमेदवार याद्या मिळवा. स्त्रियांची नावं किती आहेत ते मोजा, मग ती कितव्या क्रमांकावर आहेत ते पाहा आणि एकेक जागेचे मतदारसंघ असतील तर त्या पक्षाने गेल्या वेळी तीच जागा किती मतांनी जिंकली किंवा हरली होती ते शेजारच्या रकान्यात लिहा.