लेझरने घरातली कंपनं मोजताना: १०० हर्ट्‌झवर अडलेलं काम

फ्रिज बंद असतानाही कंपनांच्या आलेखात १०० हर्ट्‌झवर ठळक सुळका दिसत असेल, तर तो फ्रिजचा नाही, खोलीतल्या दिव्याचा आहे. एवढं एक वाक्य आधी कुणी सांगितलं असतं तर माझे कितीतरी दिवस वाचले असते, म्हणून तेच आधी लिहितो.

घरातलं कोणतं उपकरण चालू आहे हे त्याच्या थरथरीवरून दुरून ओळखायचं, हा हेतू. मांडणी साधी आहे. उपकरणावर परावर्तक पट्टीचा १ सेंमीचा तुकडा, समोर ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर आणि त्याला खेटून बीपीडब्ल्यू३४ फोटोडायोड (प्रकाश टिपणारा घटक). उपकरण थरथरलं की परत येणारा प्रकाश कमीजास्त होतो. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ‘व्हायब्रोसाइट’ या अशाच प्रणालीसाठी अशा पट्ट्या वापरल्या; उपकरणावरच्या पट्टीला सेल लागत नाही आणि वायरही नाही. पट्टी प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवते. म्हणून लेझर आणि डायोड यांच्यातला कोन अगदी लहान हवा. ३ मीटरवर ०.२ अंश म्हणजे जेमतेम १ सेंमी, त्यामुळे डायोड त्याहून लांब नको.

आता अडलं ते. आपली वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. कॉम्प्रेसरच्या मोटरचं चुंबकीय कंपनही नेमकं १०० हर्ट्‌झवरच येतं. दिवे मालवून चाचणी घेतली की सगळं छान. संध्याकाळी दिवा लागला की फ्रिज कायम ‘चालू’.

उपाय म्हणून लेझर सेकंदाला २००० वेळा चालू-बंद केला आणि चालू असतानाच्या वाचनातून बंद असतानाचं वजा केलं. सुळका लहान झाला, गेला मात्र नाही. सोल्डरिंग, अर्थिंग, सगळं तपासून झालं. चूक हिशेबात होती. दोन वाचनांत २५० मायक्रोसेकंदांचं अंतर आहे, तेवढ्यात १०० हर्ट्‌झची लहर ९ अंश पुढे सरकते आणि जवळजवळ १६ टक्के लुकलुक शिल्लक राहते. मग चालू वाचनाच्या आधीचं आणि नंतरचं अशा दोन्ही ‘बंद’ वाचनांची सरासरी वजा केली. उरलं सव्वा टक्का! पंख्याच्या पात्यांची दिव्याच्या उजेडात पडणारी सावलीही (मिनिटाला ३५० फेरे आणि ३ पाती म्हणजे १७.५ हर्ट्‌झ) त्यातच गेली.

तरीही शंका राहिली तर पट्टीवर काळा कागद धरा. सुळका तसाच राहिला तर तो दिव्याचा.

साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या कॉम्प्रेसरची खरी ओळख ४८ हर्ट्‌झच्या आसपास आणि त्याच्या दुपटीवर असते, कारण मोटर मिनिटाला ३००० फेऱ्यांपेक्षा थोडी मागे पडते. ९६ आणि १०० वेगळे दिसायला वजाबाकीनंतरच्या (सेकंदाला २०००) ४०९६ नमुन्यांचं एफएफटी, म्हणजे लहरी सुट्या करणारं गणित, घ्या. दोन सेकंद लागतात, पण फरक अर्ध्या हर्ट्‌झपर्यंत कळतो.

डायोडचा सिग्नल आकड्यांत बदलायला एडीएस१११५ चिप घेऊ नका. सेकंदाला ८६० वाचनं ही त्याची कमाल, इथे चालू आणि बंद मिळून ४००० लागतात. एमसीपी३२०२ पुरतो. डायोडच्या अँप्लिफायरला १ मेगाओहम आणि २२ पिकोफॅरड लावलं तर लेझर चालू किंवा बंद झाल्यावर ११० मायक्रोसेकंद थांबावं लागतं. मी २०० वर वाचन घेतो. लेझर मॉड्यूल फक्त रेझिस्टरवालं बघा. आत ड्रायव्हर आणि कपॅसिटर असेल तर ते इतक्या वेगाने विझत नाही. बीसी५४७ ट्रान्झिस्टरने ते चालू-बंद होतं.

हे आधी सांगायला हवं होतं: ठिपका पट्टीच्या मधोमध नको, निम्मा कडेबाहेर हवा, तरच बारीक हालचाल दिसते. काचेच्या बारीक उघड्या मण्यांची पट्टी सिंकजवळ ओली झाली की परावर्तन जातं, तिथे प्रिझमवाली लावा. किरण डोळ्यांच्या उंचीवर नको आणि स्टीलच्या भांड्यांकडेही नको.

एकाच लेझरने अनेक पट्ट्या बघायच्या तर तो वळवायला सर्व्हो (ठरावीक कोनात फिरणारी छोटी मोटर) लागतो. ठिकाणी पोचल्यावर त्याचा सिग्नल तोडा, नाहीतर त्याचीच थरथर मोजली जाते. एक पट्टी कोऱ्या भिंतीवर ठेवाच. तिच्यावरही जे दिसतं ते स्टँडचं कंपन, ते बाकीच्यांतून वगळायचं. आणि १००० हर्ट्‌झपर्यंत माणसाचा आवाजही येतो, त्यामुळे कच्ची वाचनं साठवू नका; प्रत्येक वारंवारता-पट्ट्यातली ऊर्जा तेवढी ठेवा, फ्रिज आणि मिक्सर ओळखायला ती पुरते.