शब्बाथच्या रात्री १०१

साबांची अँजिओप्लास्टी होऊन आज नववा दिवस. काल ते काठी न घेता स्वयंपाकघरापर्यंत आले आणि चहात साखर कमी म्हणून माझ्यावर रागावले. तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला, म्हणून आज लिहायला बसले आहे.

हिब्रूत साबा म्हणजे आजोबा, सावता म्हणजे आजी. मी या दोघांच्या घरी राहून काम करते. नातवंडं म्हणतात, म्हणून मीही म्हणते. घर जेरुसलेममध्ये, ज्यू धर्म कडक पाळणाऱ्यांचं. शब्बाथबद्दल, म्हणजे त्यांच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाबद्दल, मी इतके महिने मुद्दामच लिहिलं नाही. लिहिलं असतं तर चिडूनच लिहिलं असतं.

आमच्या अलिबागेत इस्राएल आळी आहे. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंना लोक ‘शनिवार तेली’ म्हणायचे, कारण ते तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवत. हे लहानपणापासून ऐकलेलं, त्यामुळे शब्बाथ म्हणजे काय ते मला कळतं, अशी माझी समजूत होती. इथे आल्यावर कळलं की घाणा बंद ठेवणं ही नुसती सुरुवात आहे. वर्ज्य कामांचे प्रकार एकोणचाळीस. मिश्ना या जुन्या ग्रंथात ते ‘चाळीसला एक कमी’ असे मोजलेत: पेरणं, दळणं, निवडणं, शिवणं, फाडणं, लिहिणं, विस्तव पेटवणं, विझवणं आणि असे बरेच. शुक्रवारी सूर्यास्ताच्या चाळीस मिनिटं आधी शहरात भोंगा वाजतो आणि बायका मेणबत्त्या लावतात. जानेवारीत हे सव्वाचारच्या सुमाराला होतं. तिथपासून शनिवारी रात्री आकाशात तीन चांदण्या दिसेपर्यंत हे सगळं बंद.

म्हणून शुक्रवारी दुपारी मी टॉयलेट पेपरचे तुकडे फाडून डब्यात भरते, कारण फाडणं हे काम. फ्रिजमधला दिवा काढून ठेवते, कारण दार उघडलं की तो पेटतो. दिवे टायमरवर लावते. जेवण प्लाटावर, म्हणजे विजेच्या तापलेल्या पत्र्यावर, आदल्या दिवसापासून चढलेलं असतं. ताटातल्या भाताला खडा लागला तरी तो निवडून बाजूला काढायचा नाही, निवडणं हेही काम! पहिले दोन महिने शुक्रवार उजाडला की माझं डोकं दुखायचं.

दिव्याचा प्रसंग तर मी विसरूच शकत नव्हते. साबा खिडकीशी पुस्तक वाचत होते, अंधारून आलं होतं. मी ज्यू नाही, मला बंधन नाही, म्हणून मी आपणहून दिवा लावला. साबांनी पुस्तक मिटलं, उठले आणि दुसऱ्या खोलीत अंधारात जाऊन बसले. एक शब्द बोलले नाहीत. पुढे कळलं की त्यांच्यासाठी म्हणून दुसऱ्याने लावलेल्या दिव्याचा त्यांना उपयोग करून घेता येत नाही. मी माझ्या कामासाठी लावला, तर चालतं. म्हणून सावता मला म्हणणार, “तुला भांडी घासायची असतील ना, दिसेल का गं?” सरळ सांगायचं नाही, नुसतं सुचवायचं. मला त्या वेळी फार अपमान वाटला होता. म्हातारा माणूस डोळे फोडून वाचतोय, आपण मायेने दिवा लावावा आणि त्याने उठून जावं! त्या रात्री ताईला फोन करून मी रडले होते.

आता त्या शुक्रवारचं सांगते. जेवणं झाली होती, गाणी म्हणून झाली होती. धाकटा मुलगा मुक्कामाला होता. तो येशिवात, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत, शिकवतो. घरात त्याच्याइतकं कडक कोणी नाही. टायमरने दिवे नुकतेच विझले होते. पॅसेजमधून साबांची हाक आली, हाक कसली, कण्हणंच. जाऊन पाहते तर छाती धरून भिंतीला टेकलेले, गंजी घामाने भिजलेली. माझ्या डोक्यात एकच आलं: आज फोन मलाच करायचाय, या घरात दुसरं कोणी हात लावणार नाही. मी खोलीकडे धावले, मोबाइल घ्यायला.

परत आले तेव्हा तो मुलगा भिंतीवरच्या फोनवर बोलत होता. १०१, म्हणजे इथला ॲम्ब्युलन्सचा नंबर, त्याने स्वतः लावला होता. दिवाही त्यानेच लावला होता. मी मोबाइल पुढे केला तर त्याने मान हलवली आणि म्हणाला, “तू साबांजवळ थांब. हे माझं काम आहे.” आवाजात जराही चाचरणं नव्हतं. माझी मात्र नजर त्या दिव्याच्या बटणावर खिळली होती. दहा महिन्यांत त्या माणसाचं बोट शनिवारी कुठल्याही बटणाला लागलेलं मी पाहिलं नव्हतं.

ॲम्ब्युलन्स आली. चालवणाऱ्याच्या डोक्यावरही किप्पा, म्हणजे धार्मिक ज्यूंची छोटी गोल टोपी, होती. मुलगा बरोबर गेला. फोनचा रिसीव्हर टेबलावर तसाच पडला होता. संकट घराबाहेर गेलं, त्याबरोबर सूटही गेली. सावता खुर्चीत बसल्या. माझा मोबाइल त्यांच्यासमोर होता, पण त्यांनी एकदाही मागितला नाही. बऱ्याच वेळाने भिंतीकडे बघत म्हणाल्या, “कुठल्या वॉर्डात नेलं असेल, कोण जाणे.” मी उठून हॉस्पिटलला फोन लावला. या वेळी अपमान वगैरे काही वाटलं नाही. एका गुठळीने रक्तवाहिनी अडली होती, ती मोकळी केली, असं कळलं. सावतांनी डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत काही म्हटलं.

मुलगा शनिवारी रात्री चांदण्या दिसल्यावर परत आला. तोवर परतायला गाडी नाही आणि कागदावर सहीही नाही. मी त्याला विचारलं, मी होते ना, मग तू का? त्याने नीट समजावलं. जीव धोक्यात असेल तर शब्बाथ मोडायची परवानगी आहे असं म्हणणंच अपुरं, तो मोडणं हे कर्तव्य आहे. याला पिकुआख नेफेश, म्हणजे जीव वाचवणं, म्हणतात. तोरात, म्हणजे त्यांच्या मूळ धर्मग्रंथात, लेवीयच्या पुस्तकात म्हटलंय की या आज्ञा पाळून माणूस जगेल, तेव्हा त्यांच्यापायी मरायचं नाही. तालमूद या धर्मचर्चेच्या जुन्या ग्रंथात असंही आहे की एक शब्बाथ मोडा, म्हणजे तो माणूस पुढचे पुष्कळ शब्बाथ पाळेल. धोका नक्की नसला, नुसती शंका असली, तरी हेच. आणि अशा वेळी रब्बीला, म्हणजे धर्मगुरूला, विचारत बसणं म्हणजे रक्त सांडणं. बाराव्या शतकातले धर्मपंडित राम्बाम, जे स्वतः वैद्य होते, त्यांनी लिहून ठेवलंय की हे काम परक्यावर किंवा पोराबाळांवर ढकलू नये, जाणत्या मोठ्यांनी स्वतः करावं. नाहीतर पुढच्या वेळी लोक परका माणूस शोधत बसतील आणि तेवढ्यात जीव जाईल. यावर त्यांच्यातही मतभेद आहेत. वेळ जात नसेल तर परक्याकडून करून घ्यावं, असं काही जण मानतात. साधं आजारपण असेल, जिवावरचं नसेल, तर तशी सोय आहेच. पण छाती धरलेल्या बापापाशी हा हिशोब करत बसायचं नसतं, असं तो म्हणाला.

मग त्याने पुढचं सांगितलं आणि मी खुर्चीत बसले. उपासाच्या दिवशी, अगदी योम किप्पूर या त्यांच्या सगळ्यात मोठ्या उपासालाही, भुकेने घेरी आलेल्या माणसाला मध आणि गोड द्यावं, त्याच्या डोळ्यांत उजेड येईपर्यंत.

तीन वर्षांपूर्वी हरतालिकेला आईची साखर उतरली होती. निर्जळी उपास, सकाळी गोळी घेतलेली. हात थरथरत होते, बोलणं अडखळत होतं, अंग गार. काकू म्हणत होत्या, भटजींना फोन करून विचारा. मी कोणाला न विचारता साखरेचं पाणी तिच्या तोंडाला लावलं. दहा मिनिटांत तिने मला ओळखून हाक मारली. आणि मग घरात आठवडाभर, ‘तिने व्रत मोडलं’. आई स्वतः दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी ते मनात धरून इथे आले, हे आज लिहून टाकते.

आपल्याकडे हे नाही असं कोणी म्हणू नये, मी म्हणू देणार नाही. आपद्धर्म हा शब्द आपलाच. दुष्काळात उषस्ती चाक्रायणाने माहुताचं उष्टं धान्य खाल्लं, नाहीतर जीव गेला असता. पाणी मात्र घेतलं नाही, कारण पाणी दुसरीकडे मिळत होतं. सूट लागेल तेवढीच. ही छांदोग्य उपनिषदातली गोष्ट मी आमच्या गावच्या देवळात कीर्तनात ऐकली आहे, आणि त्या कीर्तनाला काकूही होत्या. शास्त्र आपल्याकडेही आहे. पण त्या मुलाला फोनपर्यंत जायला जेवढा वेळ लागला, तेवढ्या वेळात ते आमच्या घरात कोणाला आठवलं नाही. माझा हात पुढे झाला होता, आणि तो बरोबरच होता.

रविवारी आईला सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मध म्हणतात का ते? साखर चालते ना?”

“चालते गं,” मी म्हटलं. “गोड काहीही.”

“बरं,” ती म्हणाली, आणि साबांना काय पथ्य सांगितलंय ते विचारायला लागली.