मामांच्या डोक्यातली मांडणी फळीवर आणताना

अन्नतंत्रज्ञान शिकवायला लागून मला बरीच वर्षे झाली, पण आमच्या प्रयोगशाळेची व्यवस्था नेमकी कुठे साठवलेली आहे, हे मला एका पावसाळ्यात आमचे परिचर मामा आठ दिवसांच्या रजेवर गेले तेव्हा कळले. पहिल्याच दिवशी मफल फर्नेस या तीव्र तापमानाच्या भट्टीचा लांब चिमटा, सॉक्सलेट या चरबी काढण्याच्या उपकरणाची थिंबल आणि ब्युरेटचे स्टँड शोधण्यात दोन तासांच्या प्रात्यक्षिकातला पाऊण तास गेला. वस्तू सगळ्या होत्या. त्या कुठे आहेत ते फक्त मामांना ठाऊक होते.

त्याच आठवड्यात एका गटाने संत्र्याच्या स्क्वॅशसाठी गरम पाकात सायट्रिक आम्ल म्हणून पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (केएमएस) हे परिरक्षक घातले. दोन्ही पांढरी, दोन्ही सारख्याच प्लास्टिकच्या बरण्यांत, आणि एका बरणीवरची चिठ्ठी वाफेने निघून आलेली. स्क्वॅशमध्ये 350 पीपीएम (दहा लाख भागांत 350 भाग) सल्फर डायऑक्साइड मिळावा म्हणून किलोला साधारण 0.6 ग्रॅम केएमएस पुरते, तिथे या मुलांनी 15 ग्रॅम मोजून घातले होते. पातेल्यातून निघालेल्या वायूने सगळ्यांचे डोळे चुरचुरले आणि खोकत खोकत आम्ही खिडक्या उघडल्या. कुणाला दम्याचा त्रास नव्हता, म्हणून निभावले. त्यांच्या मोजण्यात चूक नव्हती, चूक फळीची होती, म्हणजेच माझी होती.

टोयोटासारख्या जपानी कारखान्यांत रुजलेली, कामाची जागा नीट ठेवण्याची ‘फाइव्ह एस’ ही पद्धत मी तोवर तिसऱ्या वर्षाला गुणवत्ता व्यवस्थापनाच्या तासाला शिकवत असे. सेइरी (निवड), सेइतोन (मांडणी), सेइसो (सफाई), सेइकेत्सु (प्रमाणीकरण) आणि शित्सुके (शिस्त) ही पाच नावे मुले पाठ करत आणि परीक्षेत लिहीत. ती आपल्याच ओट्यांवर लागू करायला हवीत हे मला सुचले नव्हते, याचे आजही वाईट वाटते.

सेइरी म्हणजे लागणारे आणि न लागणारे वेगळे करणे. कारखान्यात न लागणाऱ्या वस्तूला लाल चिठ्ठी लावतात आणि ठरावीक मुदतीत तिचा निकाल लावतात. आपल्याकडच्या महाविद्यालयात मात्र या पायरीवर डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ सामानाची नोंदवही, आडवे येते. बंद पडलेला रिफ्रॅक्टोमीटर, तडा गेलेला डेसिकेटर (नमुने कोरडे ठेवण्याचे काचेचे भांडे), मोटार जळालेला मिक्सर यांतले काहीही निर्लेखनाशिवाय, म्हणजे नोंदवहीतून रीतसर वजा केल्याशिवाय, हलवता येत नाही. निर्लेखनाला समिती लागते, समितीला बैठक लागते, आणि तोवर त्या वस्तू चांगल्या वस्तूंच्या जागा अडवून बसतात. आम्ही यावर तोडगा असा काढला की लाल चिठ्ठी लागलेली प्रत्येक वस्तू, नोंदवहीतल्या क्रमांकासह, एकाच कुलूपबंद कपाटात न्यायची आणि त्याची यादी दाराच्या आतल्या बाजूला लावायची. वस्तू कागदोपत्री प्रयोगशाळेतच राहिली आणि ओटा मोकळा झाला. त्या आवरासावरीत मुदत संपलेले कॉर्नफ्लोअर आणि कडक झालेली बेकिंग पावडर निघाली, तेव्हा ‘आधी आलेले आधी वापरा’ हा आमचाच धडा आम्ही पाळत नव्हतो हे मुलांनीही पाहिले.

मांडणीच्या बाबतीत अन्नाची प्रयोगशाळा यंत्रशाळेहून अवघड असते, कारण इथे एकाच छताखाली विषारी रसायनेही असतात आणि तोंडात घालायचे पदार्थही. ज्या बीकरमध्ये प्रथिने मोजण्याच्या जेल्डाल पद्धतीसाठी तीव्र सल्फ्युरिक आम्ल घेतले, त्याच बीकरमध्ये कुणी जॅमसाठी पेक्टिन भिजवले तर ते केवळ घाणेरडे नाही, धोक्याचे आहे. म्हणून विश्लेषणाच्या काचसामानाला लाल पट्टी आणि अन्नाच्या भांड्यांना हिरवी पट्टी लावली, दोन्हींची कपाटे खोलीच्या दोन टोकांना नेली, आणि पेट्रोलियम ईथर या ज्वलनशील द्रवावर चालणारे सॉक्सलेट बर्नरच्या ओट्यापासून कायमचे दूर केले. केएमएस आता पिवळ्या झाकणाच्या काचेच्या बाटलीत, वेगळ्या तराजूशेजारी असते. हत्यारांसाठी भिंतीवर फळी ठोकून प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा रंगवली, म्हणजे काय नाही ते न विचारता दिसते.

हे तर आपल्या आज्या करतच होत्या, असे मला अनेकांनी सांगितले. आजीच्या मांडणीवर डबे जिथल्या तिथे असत हे खरे, पण ती जागा आजीला माहीत असे. पाहुणी आलेली सून हळदीचा डबा शोधत बसे. दर दोन तासांनी नवी तुकडी येणाऱ्या खोलीत अनोळखी माणसाला वस्तू सापडली पाहिजे, आणि माझ्या मते सेइतोनचा सगळा अर्थ या एका अपेक्षेत आहे.

सफाईकडे आम्ही आता तपासणी म्हणून पाहतो. डेसिकेटर पुसणाऱ्याला आतली ओलावा शोषणारी सिलिका निळी आहे की गुलाबी झाली आहे हे दिसते, आणि गुलाबी असेल तर त्या दिवसाचे आर्द्रतेचे आकडे चुकणार हे आधीच कळते. पीएच मीटरचा इलेक्ट्रोड पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणाऐवजी कोरडा ठेवला गेला आहे, हेही पुसतानाच लक्षात येते.

शित्सुकेला शिस्त म्हणतात, पण जपानीत हा शब्द मुलांना लावलेल्या चांगल्या सवयींसाठी वापरतात, म्हणून मला ‘वळण’ हा शब्द अधिक जवळचा वाटतो. तो ज्या चिन्हाने लिहितात त्यात ‘शरीर’ आणि ‘सुंदर’ ही दोन चिन्हे एकत्र आहेत. जपानच्या शाळांत मुले स्वतः वर्ग झाडतात. आमच्याकडे प्रात्यक्षिकाची शेवटची पंधरा मिनिटे आवरण्यासाठी राखून ठेवली, तेव्हा “आम्ही फी भरतो, हे मामांचे काम आहे” असे मला ऐकावे लागले. मी वाद घातला नाही, त्या पंधरा मिनिटांना जर्नलमध्ये गुण दिले. गुणांसाठी सुरू झालेली गोष्ट वळण होते की नाही, याची मला धास्ती होती.

गेल्या महिन्यात सायंकाळची तुकडी निघत होती, तेवढ्यात एक मुलगी फळीसमोर थांबून म्हणाली, “मॅडम, चिमट्याची जागा रिकामी आहे.” गुण देऊन झाले होते, पाच वाजून गेले होते, तरी वीसच्या वीस जण परत फिरले आणि सिंकखालच्या ट्रेमागे पडलेला चिमटा शोधून, पुसून जागेवर लावला. मामा किल्ल्या घेऊन दाराशी उभे होते. तो कुठे असेल, हे त्यांना कुणी विचारले नाही.