गणपतीला गावी जाताना टोलमाफीचा पास : माझा अनुभव

आमच्या घरात टोलचा विषय निघाला तो स्वातंत्र्यदिनामुळे. २०२५ चा १५ ऑगस्ट शुक्रवारी आला होता. सकाळी सोसायटीतलं झेंडावंदन झालं आणि आम्ही धनकवडीहून निघून साताऱ्याला आत्याबाईंकडे गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर परत. जाताना खेड शिवापूर आणि आनेवाडी या दोन्ही नाक्यांवर फास्टॅगमधून नेहमीचे पैसे गेले. येताना मात्र दोन्हीकडे जवळजवळ निम्मेच गेल्याचा मेसेज आला. सासूबाई लगेच म्हणाल्या, "बघ, सुट्टीचा टोल निम्मा असतो." मलाही ते खरं वाटलं. मी तर ऑफिसात दोघीतिघींना तसं सांगूनही टाकलं.

ते चूक होतं. पुढच्या आठवड्यात कामासाठी पुन्हा त्या रस्त्याने गेले. रांगेत थांबलेली असताना नाक्यावरचा दरफलक पहिल्यांदाच नीट वाचला. एकेरी फेरी, २४ तासांत परतीची फेरी, मासिक पास, असे रकाने होते. सुट्टीचा रकाना कुठेच नव्हता. राष्ट्रीय महामार्गावर २४ तासांच्या आत परत आलं तर दोन्ही फेऱ्या मिळून एकेरी दराच्या दीडपट पैसे लागतात. म्हणून आम्हाला येताना निम्मे लागले. त्याचा १५ ऑगस्टशी काही संबंध नव्हता. बुधवारी गेलो असतो तरी तेवढेच गेले असते. हे दर २००८ च्या नियमांनी ठरतात आणि साधारण दर वर्षी १ एप्रिलला बदलतात. त्यात ठरलेली ३ टक्के वाढ असते, आणि घाऊक महागाई जितकी वाढली असेल तिच्या ४० टक्क्यांइतकी भर. कॅलेंडरात तारीख लाल असो की काळी, नाक्याला त्याने फरक पडत नाही.

मग मनात आलं, पूल वेगळे असतील का? माझा भाऊ नेरुळला राहतो, अटल सेतूवरून त्याची नेहमी ये-जा असते. दादाला फोन केला. तो म्हणाला, "कारला एका बाजूचे २५०, परतीसह ३७५. दिवाळी असो नाहीतर रविवार." त्याच ऑगस्टमध्ये तिथे विजेवरच्या गाड्यांना टोल माफ झाला, पण तो रोजचाच, सणापुरता नाही. १५ ऑगस्टला ३००० रुपयांना सुरू झालेल्या वार्षिक पासबद्दलही त्याला विचारलं. एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यांतलं जे आधी संपेल ते. पण तो राष्ट्रीय महामार्गांवर चालतो. अटल सेतू आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग राज्याच्या अखत्यारीतले, तिथे त्याचा उपयोग नाही.

सणाला टोल खरंच माफ होतो तो आपल्याकडे गणपतीत, कोकणात जाणाऱ्या गाड्यांना. आमचं गाव चिपळूणच्या पुढे, आणि पुण्याहून आम्ही साताऱ्याच्या वाटेने जातो, कारण आत्याबाईंना घ्यायचं असतं. उंब्रजला महामार्ग सोडला की पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट. म्हणजे नाके तेच दोन. २३ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर टोलमाफी आहे, ही बातमी वाचली तेव्हा हातात आठवडाही उरला नव्हता. आणि ही माफी आपोआप मिळत नाही. त्यासाठी पोलिसांकडून किंवा आरटीओकडून पास घ्यावा लागतो.

शनिवारी, २३ तारखेला, जवळच्या चौकीत गेले. पास अजून आलेच नव्हते. तिथून दुसऱ्या कार्यालयात पाठवलं, तिथे जेवणाची सुट्टी झाली होती आणि नंतर सांगितलं, सोमवारी या. सोमवारी अर्धी रजा टाकून सकाळी दहालाच पोहोचले. माझ्यापुढे पंचवीसेक माणसं होती. बहुतेक सगळी रत्नागिरी-सिंधुदुर्गची. कुणाच्या हातात आरसीची झेरॉक्स, कुणाच्या फक्त मोबाईलमध्ये फोटो. झेरॉक्स नसलेल्यांना परत फिरावं लागत होतं, म्हणून सांगते : आरसी आणि लायसन, दोन्हींच्या दोन-दोन प्रती घरूनच न्या. टेबलावरच्या हवालदारबाई एकट्या सगळं लिहीत होत्या, तरी प्रत्येकाला गावाचं नाव विचारून सावकाश जा म्हणत होत्या. त्यांचं मला फार कौतुक वाटलं.

पासावर "गणेशोत्सव २०२५, कोकण दर्शन" असं छापलेलं होतं. खाली गाडीचा नंबर, मालकाचं नाव, शिक्का, सही. घरी आल्यावर मुलीने वाचून दाखवला तेव्हा कळलं, की नंबरातला शेवटचा आकडा चुकलाय. ८ च्या जागी ३. संध्याकाळी पुन्हा गेले. बाईंनी खाडाखोड केली नाही, नवीन पास लिहून दिला. खाडाखोड असली तर नाक्यावर वाद होतो, असं त्या म्हणाल्या. तुम्ही मात्र टेबलासमोरून हलायच्या आधीच नंबर ताडून घ्या.

मंगळवारी, हरतालिकेच्या दिवशी, पहाटे निघालो. पास काचेवर डाव्या बाजूला चिकटवला होता. दोनांपैकी एका नाक्यावर (कुठल्या ते सांगत नाही) गर्दीत मी सरळ मधल्या लेनमध्ये शिरले. पास दाखवायला काच खाली करते न करते तोच डोक्यावरच्या रीडरने टॅग वाचला, फाटक उघडलं आणि पैसे कापल्याचा मेसेज आला. आतला मुलगा म्हणाला, "मॅडम, पासवाल्यांची लेन कडेची आहे. आता माझ्या हातात काही नाही." मागे हॉर्न वाजत होते, पुढे जावंच लागलं. दुसऱ्या नाक्यावर मात्र आधीच वेग कमी केला, कडेचा फलक शोधला. तिथे त्या लेनचा रीडर बंद ठेवला होता. माणसाने नंबर वहीत लिहिला आणि हाताने फाटक उघडलं. सगळी मेख या लेनमध्ये आहे. यंत्राला काचेवरचा कागद दिसत नाही, त्याला टॅग दिसतो.

रक्कम किरकोळ होती. यांनी सोडून दे म्हटलं. पण दोन दिवस रांगेत उभी राहून मिळवलेली सवलत अशी सोडणं मला पटेना, आणि माझ्यासारखे त्या दिवशी किती असतील हेही डोक्यात होतं. गावी पोहोचल्यावर १०३३ या महामार्गाच्या मदत क्रमांकाला फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला. टॅग ज्या बँकेचा होता तिच्याकडेही तक्रार नोंदवली. आठवड्याने बँकेचं उत्तर आलं : व्यवहार बरोबर आहे, तक्रार बंद. त्यांच्या दृष्टीने खरंच होतं, गाडी माझी, टॅग माझा, वेळ बरोबर. मी पहिल्या तक्रारीत फक्त "चुकून पैसे कापले" एवढंच लिहिलं होतं, ही माझी चूक.

दुसऱ्यांदा लिहिताना पासाचा शिक्क्यासकट फोटो, कापल्याचा मेसेज, आरसी आणि माफीच्या तारखा असं सगळं एकत्र जोडलं. कापल्याची तारीख त्या मुदतीत येते, हे वेगळ्या ओळीत लिहिलं. साधारण तीन आठवड्यांनी पैसे टॅगमध्ये जमा झाले. परतीच्या प्रवासाला तोच पास चालतो. गौरी-गणपतीचं विसर्जन करून ३ सप्टेंबरला आलो तेव्हा दोन्ही नाक्यांवर कडेची लेन धरली, काही कापलं गेलं नाही.

पैसे आल्याचं आत्याबाईंना फोनवर सांगितलं. त्या ऐकून गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "वारीच्या गाड्यांनाही असा पास असतो का गं?" त्यांचं भजनी मंडळ दर वर्षी जीप करून आळंदीला प्रस्थानाला येतं आणि पुढे पंढरपूरला जातं. असतो, म्हटलं. २०२५ ला तो १८ जून ते १० जुलै होता. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, मंडळाने जाता-येता सगळा टोल भरला होता. जीपवाल्याचा फोन नंबर मी त्यांच्याकडून तेव्हाच लिहून घेतला. जूनच्या सुरुवातीला आरसीची झेरॉक्स मागवायची आहे.