स्टेअरिंगवर कोण होते?

अपघाती मृत्यूच्या खटल्यात बेदरकारपणा सिद्ध करणेच कठीण, असा सर्वसाधारण समज आहे. माझा वकिलीतला अनुभव निराळा आहे. कित्येक खटले त्याच्या आधीच्याच पायरीवर घसरतात, कारण गाडी आरोपीच चालवत होता हे सरकार पक्षाला दाखवता येत नाही.

‘गाडी भरधाव आली आणि धडक दिली,’ असे साक्षीदार सरतपासणीत, म्हणजे सरकारी वकिलाच्या प्रश्नांना उत्तर देताना, ठामपणे सांगतो. उलटतपासणीत मग एक प्रश्न पुरतो: ‘आवाज ऐकून तुम्ही वळलात ना?’ तो हो म्हणतो, आणि त्याने पाहिलेला माणूस गाडीजवळ उभा असलेला ठरतो, चालवणारा नव्हे. त्यातच ओळख परेड (अनेकांमधून आरोपीला ओळखायला लावण्याची चाचणी) झालेली नसेल आणि काही वर्षांनी कोर्टात प्रथमच बोट दाखवले जात असेल, तर त्या ओळखीला फारसे वजन उरत नाही. नोंदणी पुस्तकावरून फक्त मालक कळतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ खाली मालकाकडे चालकाचे नाव-पत्ता मागता येतो. अशी नोटीस वेळेत निघालेली मला कागदपत्रांत क्वचितच दिसते.

खरी कसोटी लागते ती गाडीत दोघे असून एक दगावलेला असताना, कारण वाचलेला माणूस मृतालाच चालक ठरवू शकतो. अशा वेळी शरीरावरच्या खुणा बोलतात. स्टेअरिंग उजवीकडे असलेल्या गाडीत चालकाच्या सीटबेल्टचा वळ उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे उतरतो, शेजारच्याचा नेमका उलट. दाराची काच फुटून उडालेल्या चौकोनी तुकड्यांच्या बारीक जखमा चालकाच्या बहुधा उजव्या गालावर असतात, उघडलेल्या एअरबॅगवर लाळ किंवा रक्त मिळू शकते, आणि ब्रेकच्या पेडलची नक्षी कधी बुटाच्या तळाला उमटलेली असते. सीट किती मागे सरकवलेली होती, ही साधी नोंदसुद्धा दोघांच्या उंचीत फरक असेल तर मोलाची ठरते. मात्र क्रेनने गाडी ठाण्याच्या आवारात येईपर्यंत कोणीतरी ती सीट सरकवलेली असते आणि रुग्णालयात काढलेले बूट कुठे गेले ते कुणालाच सांगता येत नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) नुसार बेदरकारपणे मृत्यू घडवण्याच्या या गुन्ह्याला ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे; जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ खाली ती २ वर्षांपर्यंत होती. पुराव्याचे ओझे मात्र होते तिथेच आहे. आरोपीच्या विशेष माहितीतली, म्हणजे फक्त त्यालाच ठाऊक असलेली गोष्ट त्याने सिद्ध करावी, या तरतुदीचा आधार सरकारी वकील हटकून घेतात. पण तिच्यामुळे सरकार पक्षाची मूळ जबाबदारी टळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने शंभुनाथ मेहरा प्रकरणात १९५६ सालीच स्पष्ट केले आहे.